रायफलीच्या नळीवरची रिकामी भोकं: बुजवलेला प्लग पुन्हा पुन्हा का निसटतो?

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रायफलीवर दुर्बीण बसवली, नळीवरची नेम धरायची मूळची माशी (पुढचा उंचवटा) आणि मागची खाच काढून टाकली, उरलेल्या भोकांत छोटे प्लग स्क्रू बसवले. चार-सहा महिन्यांनी रायफल पेटीतून काढावी, तर एक भोक पुन्हा उघडं. प्लग कुठे पडला त्याचा पत्ता नाही, आणि भोकाच्या कडेला तपकिरी रंगाची बारीक कड दिसायला लागलेली. मग नवा प्लग आणायचा, या वेळी जरा जास्त जोर लावून पिळायचा. पुढच्या हंगामात तो पण जातो.

माझ्याकडे हे तीन वेळा झालं. रायफल रेमिंग्टन ७०० बीडीएल, थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची, सेकंडहॅण्ड घेतलेली. हे मॉडेल १९६२ साली बाजारात आलं, तेव्हा लोक अजून नुसत्या डोळ्यांनी नेम धरत होते, म्हणून नळीवर पुढे माशीचा चढ आणि मागे खाचेचा ठोकळा, दोन्ही स्क्रूंनी बसवलेले असायचे. पुढे दोन भोकं, मागे दोन. दुर्बीण लावल्यावर ते नुसतं अडथळा वाटतं, म्हणून बरेच जण काढतात. मी पण काढलं. इथे पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल-हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. थंडी, धुकं, कधी बर्फ, कधी नुसता बुरबुर पाऊस, आणि दिवसभर नळी ओली. तिसऱ्या वर्षी मागच्या खाचेच्या जागी टूथपिक घातली तर टोकाला ओलसर, लालसर चिखल लागून आला. म्हणजे पाणी आत साचत होतं आणि वर्षानुवर्षं साचलं असणार. त्या दिवशी ठरवलं की आता नुसता स्क्रू बदलायचा नाही, तो का सुटतो ते आधी शोधायचं.

शिक्षणाने आणि धंद्याने मी टूलरूमचा माणूस. तरी हे कळायला मला वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

खरं कारण: प्लगला डोकं नसतं

साधा स्क्रू घट्ट का राहतो? डोकं एका बाजूला टेकतं, आटे दुसऱ्या बाजूला ओढतात, आणि मधला दांडा रबरासारखा किंचित ताणला जातो. तो ताणच स्क्रूला जागेवर धरून ठेवतो. माशी बसवलेली असताना त्याच भोकातला स्क्रू वर्षानुवर्षं हलत नाही, कारण माशीच्या पायावर त्याचं डोकं टेकलेलं असतं.

प्लगला डोकं नाही. तो नळीच्या पृष्ठभागाशी समतल बसायला हवा, म्हणून त्याला टेकायला काहीच नसतं. मग ताणही नाही. आट्यांमध्ये जी केसभर मोकळीक असते तेवढ्यात तो सैल उभा असतो. गोळी सुटल्यावर नळी थरथरते, तापते, थंड होते, आणि प्रत्येक वेळी प्लग थोडासा फिरतो. फिरायची दिशा त्याला एकच मोकळी, बाहेरची.

यावर आपण सहजप्रवृत्तीने काय करतो? जोराने पिळतो, म्हणजे प्लगचं टोक भोकाच्या तळाशी जाऊन दाबलं जातं आणि तिथे ताण तयार होतो. घट्ट लागल्यासारखं वाटतं. पण त्या तळाखाली काय आहे ते आठवा. तळाखाली नळीची उरलेली पातळ भिंत आहे, आणि तिच्या पलीकडे थेट बोअर, म्हणजे गोळी जाते ती नळीची पोकळी.

हिशेब करून बघा. समजा माशीच्या जागी नळीचा बाहेरचा व्यास १५ मिलिमीटर आहे. थर्टी-ओ-सिक्सच्या बोअरचा खोबणीतला (आतल्या पिळदार चरांमधला) व्यास ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर. भिंत उरली साधारण ३.६ मिलिमीटर. भोक २.५ मिलिमीटर खोल असेल तर तळाशी जेमतेम १.१ मिलिमीटर पोलाद शिल्लक आहे. एवढ्या जाडीवर बारीक आट्यांचा स्क्रू जॅकसारखा दाबला, तर आत बोअरमध्ये सूक्ष्म उंचवटा येऊ शकतो. बाहेरून काहीही दिसत नाही. कळतं ते साफसफाईच्या सळईला. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा मागचा सरकता दांडा) काढून, नीट बसणारं कापड घालून सळई सावकाश ढकला. एकसारखी जाता जाता अगदी त्या भोकाखाली एकदम जड लागली आणि पुढे पुन्हा हलकी झाली, तर प्लग ताबडतोब सैल करा आणि पुन्हा ढकलून बघा. सैल केल्यावरही जड जागा तशीच राहिली, तर ती रायफल वापरू नका, जाणकार गनस्मिथला (बंदुकीच्या कारागिराला) दाखवा.

तेव्हा पहिला नियम: प्लग तळाला टेकता कामा नये. आणि टेकत नाही म्हटल्यावर तो धरून ठेवायला वेगळा उपाय लागतो. बाकीचं सगळं यातूनच येतं.

सुरुवातीला

रायफल रिकामी आहे ना, ते डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी तपासा. बोल्ट काढून बाजूला ठेवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळी दस्त्यातून वेगळी करता आली तर फार चांगलं, कारण पुढे ॲसिटोन वापरायचं आहे आणि दस्त्यावरच्या चकचकीत लाखेवर त्याचा एक थेंब पडला तरी कायमचा डाग राहतो. वेगळी करायची नसेल तर दस्त्यावर जाड प्लास्टिक आणि कडेने मास्किंग टेप.

आटे ओळखा, अंदाजाने स्क्रू घालू नका

अमेरिकन रायफलींवर साइट (माशी, खाच) आणि दुर्बिणीच्या माउंटसाठी सर्रास ६-४८ हा आटा वापरतात. बाहेरचा व्यास ०.१३८ इंच, म्हणजे ३.५ मिलिमीटर, आणि इंचात ४८ आटे. दुसरा ८-४०, व्यास ०.१६४ इंच, इंचात ४० आटे. हे दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. तिथे त्याच व्यासाचे मिळतात ते ६-३२ आणि ६-४०, किंवा ८-३२ आणि ८-३६. बंदुकीच्या कामासाठी आटे मुद्दाम बारीक ठेवले आहेत, कारण भोक उथळ आणि तेवढ्यात जास्तीत जास्त आटे धरायचे आहेत.

फसगत कशी होते बघा. ६-४८ मध्ये दोन आट्यांतलं अंतर ०.५२९ मिलिमीटर. ६-४० मध्ये ०.६३५. प्रत्येक वेढ्याला एक दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे चुकीचा ६-४० स्क्रू पहिला दीड-दोन वेढे बोटांनी छान आत जातो आणि मग अडतो. अडला की आपल्याला वाटतं, आत कचरा असेल. पेचकस घेऊन पुढे रेटतो, आणि नळीतले आटे सोलले जातात.

मेट्रिक स्क्रू याहून जास्त दगा देतो. एम ३.५ चा व्यास तोच, आटे ०.६ चे. वेढ्याला फरक फक्त ०.०७ मिलिमीटर. तो तीन वेढे बिनतक्रार जातो. उथळ भोकात एकूण वेढेच चार-पाच, त्यामुळे ‘बसला की!’ असं वाटतं. तो बसत नाही, तो चावतो. असे चावलेले आटे पुढे योग्य प्लगलाही नीट धरत नाहीत.

माझं तिसऱ्या वर्षीचं निदान इथेच झालं. पेटीत उरलेल्या एका प्लगला पिच गेज (आट्यांतलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावला, तर तो ४० चा निघाला. मागच्या मालकाने किंवा त्याच्या आधीच्याने मिळेल तो घातला होता आणि मीही त्याच्याच जोडीचा दुसरा घेत राहिलो.

म्हणून पिच गेज लावा. गेज नसेल तर काढलेल्या माशीचा मूळ स्क्रू जपून ठेवला असेल तो घ्या आणि नव्या प्लगच्या शेजारी आट्यांत आटे अडकवून उजेडासमोर धरा. दोघांमध्ये फट दिसली नाही तर आटे एकच. योग्य प्लग स्वच्छ भोकात शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी किंवा पेचकस चिमटीत धरून जायला हवा. मनगट लावावं लागलं की थांबा.

प्लग स्क्रू बंदुकीच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘फिलर स्क्रू’ किंवा ‘प्लग स्क्रू’ या नावाने मिळतात, छोट्या पाकिटात. घेताना साधं पोलादी घ्या. स्टेनलेसचा घेतला तर तो निळ्या नळीत चांदीच्या टिकलीसारखा चमकत राहतो आणि ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) त्याला धरत नाही.

तेल: दुसरा गुन्हेगार

भोक ‘स्वच्छ’ दिसतं तेव्हा ते बहुधा स्वच्छ नसतं. वर्षानुवर्षं आपण नळीला तेल पुसतो, ते आट्यांच्या खोबणीत उतरतं आणि तिथे घट्ट होऊन बसतं. त्यावर कोणतंही चिकट द्रव्य टाकलं तर ते पोलादाला लागतच नाही, तेलाला लागतं. ‘थ्रेडलॉकर (आटे जागेवर धरणारं द्रव्य) लावूनसुद्धा निसटला’ असं सांगणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

मी केलेली सफाई अशी. आधी टूथपिकने सुका गंज आणि किट उकरून काढलं. लाकडीच टूथपिक, सुई नाही, सुईने आटे ओरखडतात. मग कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन आत फिरवलं. बोळा काळा निघाला. दुसरा तपकिरी, तिसरा पिवळट, पाचवा कोरा. इथे थांबायचा मोह होतो. थांबू नका. ॲसिटोन पूर्ण उडून गेलं की केस वाळवायच्या ड्रायरने नळीची ती जागा हाताला सोसेल इतपत गरम करा आणि दहा मिनिटं सोडून द्या. उष्णतेने आट्यांच्या मुळाशी दडलेलं तेल पातळ होऊन वर येतं. मी भिंग धरून पाहिलं, तर कोऱ्या वाटणाऱ्या भोकाच्या काठावर तेलाची चकाकती गोल रेघ उमटली होती. पुन्हा ॲसिटोन, पुन्हा ऊब. माझ्या रायफलीला तीन फेऱ्या लागल्या. प्लगलाही तसंच धुवा, तो पाकिटातून तेल लावूनच येतो.

खिडकी उघडी ठेवा. ॲसिटोनची बाटली बंद करून लांब ठेवल्याशिवाय आणि लावलेलं पूर्ण उडाल्याशिवाय ड्रायर सुरू करू नका, त्याच्या वाफा सहज पेट घेतात.

आत गंजाचे खड्डे पडलेले दिसले तर घाबरायचं कारण नाही, पण तो गंज जिवंत ठेवून वर झाकण घालू नका. आटे योग्य आहेत याची खात्री असेल तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने, तेलाचा थेंब घेऊन, अगदी हलका फिरवून बाहेर काढा. हे पोलाद कापायचं काम नाही, नुसतं आटे पुसायचं आहे. टॅप तळाला लागला की लगेच उलटा. आणि नंतर पुन्हा सगळी ॲसिटोनची सफाई.

लांबी कशी काढायची

व्हर्नियरच्या मागच्या टोकाला जी बारीक खोली मोजायची पट्टी असते ती भोकात घाला. ती जाड पडत असेल तर काडेपेटीची काडी टोकाला सपाट कापून घाला, नखाने काठाची खूण धरा आणि मोजा. चारही भोकं वेगवेगळी मोजा. माझ्या रायफलीवर पुढच्या दोन भोकांतच निम्म्या मिलिमीटरचा फरक होता.

प्लगची लांबी या खोलीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर कमी हवी: थोडं तळाशी मोकळं, थोडा वरून खाली दबलेला. इतका छोटा स्क्रू कापायचा आणि कानशीने घासायचा कसा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीत ६-४८ चं भोक टॅप करून घ्या. प्लग त्यात फिरवा, जास्तीचं टोक पलीकडे बाहेर येऊ द्या आणि पट्टी व्हाइसमध्ये धरून ते टोक बारीक कानशीने सपाट करा. मग प्लग उलटा फिरवून काढला की पट्टीचेच आटे टोकावरची बर (कानशीने राहिलेली धारदार कड) साफ करून देतात. ही छोटी पट्टी करून ठेवली तर जन्मभर पुरते.

कापल्यावर कोरडाच बसवून बघा. प्लग शेवटपर्यंत मोकळा फिरला पाहिजे आणि नळीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली, कागदाच्या जाडीइतका, जाऊनही पुढे फिरायला जागा उरली पाहिजे. जागा उरली म्हणजे तो तळाला टेकलेला नाही.

थ्रेडलॉकर: कमी ताकदीचा, कमी मापाचा

आता ती आट्यांमधली केसभर मोकळीक भरायची. यासाठी ॲनेरोबिक थ्रेडलॉकर असतो. हा वाळत नाही. हवा बंद झाली आणि लोखंडाचा स्पर्श मिळाला की तो घट्ट होतो. बाटलीत तो पातळ राहतो कारण बाटलीत हवा असते, म्हणूनच ती कधी काठोकाठ भरलेली नसते. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली हे काढलं आणि त्यातून लॉकटाइट कंपनी उभी राहिली.

लॉकटाइटचे प्रकार रंगांवरून ओळखतात: जांभळा २२२ कमी ताकदीचा, निळा २४२ किंवा २४३ मध्यम, लाल २७१ कायमचा. लोक निळा किंवा थेट लाल घेतात, कारण प्लग तीनदा पडलेला असतो आणि मनात राग असतो. पण या स्क्रूवर कसलाही भार नाही. त्याला फक्त फिरू द्यायचं नाही. त्यासाठी जांभळा पुरेसा आहे, तो बारीक स्क्रूंसाठीच बनवलेला आहे आणि १५० अंश सेल्सियसपर्यंत टिकतो. शिकारीत दोन-चार गोळ्यांनी नळी तिथवर जात नाही. लाल लावला तर पुढे कधी माशी परत बसवायची झाली की तो सोडवायला २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. प्लगवरची पेचकसाची खाच एवढीशी, पेचकस घसरला की ती मोडते, आणि मग नळीवर ड्रिल घेऊन बसायची वेळ येते. ती वेळ येऊ देऊ नका.

थेंब प्लगच्या आट्यांवर द्या, भोकात नाही. भोक आरपार नाही. तळाशी द्रव साचलं तर प्लग त्यावर पिस्टनसारखा दाबला जातो, खाली जात नाही, आणि आपल्याला वाटतं तळ लागला. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच थेंब आट्यांच्या मधल्या भागात फिरवून लावा. प्लग बसवा, बाहेर आलेलं लगेच पुसा.

पेचकसाचं पातं समांतर बाजूंचं घ्या, पाचरीसारखं निमुळतं नको. पाचर पातं खाचेच्या वरच्या काठावरच टेकतं आणि काठ उचकटून काढतं. खाचेची रुंदी भरून काढेल आणि प्लगच्या व्यासाबाहेर जाणार नाही असं पातं हवं.

शेवटी प्लगवरची खाच नळीच्या लांबीला समांतर करून थांबा. जुने कारागीर दिसण्यासाठी असं करतात, आणि ते सुंदर दिसतंच. पण मला त्याचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. प्लग उद्या अंशभर जरी फिरला, तरी तिरकी खाच लांबूनच दिसते. प्लग तळाला टेकलेला नाही, त्यामुळे हवी तिथे थांबायची मुभा आपल्याला आहे.

चोवीस तास हात लावू नका. तेलही लावू नका. स्टेनलेस नळी असेल तर हे द्रव्य त्यावर फार सावकाश धरतं, तिथे आधी ॲक्टिव्हेटर (ते लवकर धरायला लावणारं द्रव्य) फवारावा लागतो.

रंग

प्लग किंचित खाली बसवला असेल तर नळीवर कानस चालवायची वेळच येत नाही, आणि मी तेच सुचवेन. समतल करायच्या नादात नळीवरचं मूळ ब्ल्यूइंग घासलं गेलेल्या रायफली मी पाहिल्या आहेत. बोटभर जागेची दुरुस्ती मग वीतभर होते. नवा प्लग चमकत असेल तर बसवण्याआधीच त्याचं वरचं तोंड बारीक पॉलिश पेपरवर घासून, ॲसिटोनने पुसून, कोल्ड ब्ल्यू (न तापवता लावायचं ब्ल्यूइंग) लावून घ्या. त्यात सेलेनियमचे क्षार असतात, ते विषारी आहेत, हातमोजे घाला. रंग कारखान्यातल्या गरम क्षारांच्या ब्ल्यूइंगशी तंतोतंत जुळणार नाही, जुळवत बसू नका. माशीच्या पायाखाली झाकलेली जागा आजूबाजूपेक्षा गडद असते, तिची चौकट तशीही दिसत राहते. थ्रेडलॉकर पक्का झाल्यावर खाचेत मेणाचा बारीक कण दाबून पुसून टाका. मग खाचेत पाणी साचत नाही.

आटे आधीच सोललेले असतील तर

पोलादाची भुकटी असलेला दोन भागांचा इपॉक्सी हा सगळ्यात कमी धोक्याचा उपाय. भोक तेलमुक्त करा, टूथपिकने तळापासून वर भरत या म्हणजे हवा अडकत नाही, किंचित फुगीर ठेवा, पक्का झाल्यावर धारदार ब्लेडने समतल कापा. तो राखाडी राहतो, ब्ल्यू होत नाही, काळी पूड मिसळली तर थोडा गडद होतो. पुन्हा तिथे माशी बसवायची झाली तर मात्र कोरून काढावा लागतो.

भोक ८-४० ला वाढवणं हा दुसरा मार्ग. तो नळीवर घरी करू नका. भोक रुंद करताना ड्रिल पाव मिलिमीटर खाली गेलं तरी वरचा १.१ मिलिमीटरचा हिशेब कुठे जातो ते बघा. यंत्रावर, खोलीचा थांबा लावून, गनस्मिथच करू दे.

आणि वेल्डिंग नको. चांदीचा डाग म्हणजे सिल्व्हर सोल्डरही नको, तो ६०० अंशांच्या वर वाहतो. नळीचं पोलाद ठरावीक कडकपणाला आणून ठेवलेलं असतं, एका ठिपक्यावर एवढी उष्णता दिली की तिथली रचना बदलते, आत बोअरमध्ये खपली धरते आणि बाहेरचं ब्ल्यूइंग जळतं. साडेतीन मिलिमीटरच्या भोकासाठी अख्ख्या नळीचा जीव धोक्यात घालण्यासारखं त्यात काही नाही.

नळीवरचं नव्हे, रिसीव्हरवरचं भोक असेल तर

रिसीव्हर म्हणजे बोल्ट सरकतो तो नळीमागचा भाग. तिथेही बहुधा ६-४८ च असतं, पण ही भोकं अनेकदा आरपार असतात. लांब प्लग घातला तर तो बोल्टच्या वाटेत उतरतो, आणि बोल्ट पुढे सरकताना किंवा फिरताना अडतो. सगळ्यात पुढच्या भोकातला लांब प्लग नळीच्या आट्यांवर जाऊन टेकतो. प्रत्येक प्लगनंतर बोल्ट घालून, रिकाम्या रायफलीवर, पूर्ण पुढे-मागे करून बघा. कुठेही खरखर लागली तर प्लग काढून आखूड करा.

स्क्रूचं भोक नाही, आडवी खाच आहे

मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४ सारख्या रायफलींवर मागची साइट डव्हटेल, म्हणजे तळाशी रुंद असलेल्या आडव्या खाचेत ठोकलेली असते. तिथे ३/८ इंचाचा डव्हटेल ब्लँक (रिकामी खाच भरायचा ठोकळा) मिळतो. मागे उभं राहून नळीकडे बघताना साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढतात आणि ब्लँक उजवीकडून डावीकडे बसवतात. पितळेचा पंच वापरा. घट्ट जात असेल तर ब्लँकचा तळ घासा, नळीची खाच नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या

अमेरिकेत स्वतःच्या रायफलीवरचं भोक बुजवायला परवाना लागत नाही. पैसे घेऊन इतरांच्या रायफली दुरुस्त करायचा व्यवसाय केला तर फेडरल परवाना लागतो. कानस, सँडपेपर, रंग काहीही चालवताना सिरियल नंबरला धक्का लागता कामा नये, तो खोडणं गुन्हा आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी, शेतीच्या राखणीसाठी घरात इशापूरची .३१५ रायफल असलेली काही घरं माझ्या ओळखीची आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बंदुकीची दुरुस्तीही परवान्याखाली येते. तेव्हा हे काम परवानाधारक दुकानाकडेच द्या. वरचं सगळं त्यांच्याशी नीट बोलता यावं, ‘वेल्ड करू नका, तळाला टेकवू नका’ असं ठामपणे सांगता यावं, म्हणून उपयोगी पडेल.

रायफल जुनी आणि मोलाची असेल, उदाहरणार्थ १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७०, तर इपॉक्सीसुद्धा नको. अशा रायफलीची किंमत तिच्या मूळपणात असते. सुटा होणारा प्लग, जांभळा थेंब, बस. काढलेली माशी, खाच आणि त्यांचे मूळ स्क्रू एका छोट्या डबीत, तेलाच्या कागदात गुंडाळून, कोणता स्क्रू कुठल्या भोकाचा ते लिहून रायफलीबरोबरच ठेवा. मी त्या चिठ्ठीवर चारही भोकांची खोली आणि प्लगची लांबीही लिहून ठेवली आहे. पुढच्या मालकाला माझ्यासारखं तीन वर्षं शोधावं लागू नये.

काम झाल्यावर पहिल्या वीस गोळ्यांनंतर नळी थंड होऊ द्या आणि चारही प्लगच्या खाचांवरून नख फिरवा. समांतर असतील तर तेल लावून रायफल ठेवून द्या. एखादी तिरकी दिसली तर ती पिळून सरळ करू नका, प्लग काढा आणि पुन्हा ॲसिटोनपासून सुरू करा. माझ्या मागच्या दोनांपैकी एका भोकाला ते एकदा करावं लागलं. तिथे चौथ्या फेरीत तेल निघालं.